नाही-वहीतली शेवटची ओळ

सोमवार, ८ जुलै १९९६. सकाळी साडेनऊ. अधीक्षकांची खोली.

हजर: वैद्यकीय अधीक्षक, एक्स-रे विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, एक्स-रे तंत्रज्ञ फ्रान्सिस, स्टोअरकीपर, आणि इतिवृत्त लिहायला मी, खरेदी विभागातली सहायक. गैरहजर: कोणी नाही.

माझ्या जुन्या वहीत ही नोंद अशीच आहे. खोलीत खुर्च्या पाच होत्या आणि स्टोअरकीपर शेवटपर्यंत उभे राहिले, हे मात्र त्यात नाही. आणखी एक गोष्ट त्यात नाही. ती पुढे सांगते, कारण तिच्याआधी हा माणूस कळायला हवा.

त्यांना सगळं हॉस्पिटल अण्णा म्हणायचं. बंगळूरच्या चामराजपेटेतलं आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, जुन्या दगडी इमारतीतलं. एक्स-रे विभागाला लागणारं सगळं अण्णांच्या ताब्यात होतं: फिल्मचे खोके, फिल्म धुवायच्या डेव्हलपर आणि फिक्सरचे कॅन, फिल्म भरायच्या कॅसेट, शिशाचे एप्रन, मशीनचे सुटे भाग, आणि नवीन मशीन यायचं असेल तर त्याचं येणंसुद्धा. १९९३ साली नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून बंगळूरला आले आणि इथे खरेदी विभागात चिकटले. स्टोअर्सचा डिप्लोमा माझ्याकडे होता. याद्या करायची सवय त्याच्याही आधीची. पहिल्या दिवशी मी अण्णांच्या स्टोअरमध्ये गेले तेव्हा त्यांनी माझी वही मागून घेतली, दोन पानं चाळली आणि परत दिली. मराठी अक्षर बघून ते मराठीत बोलायला लागले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घराबाहेर मराठी बोलायला माणूस मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि माणूस मिळाला तेव्हा त्याच्या मराठीबद्दलही तक्रार होतीच.

"तुमची मराठी पुस्तकातली," ते म्हणाले. "आमची चुलीतली. चालेल की."

मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला अक्काच म्हटलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी पाणसळ असायची, गवंडी वापरतात तसली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. कुठेही टेबल दिसलं की ते ती काढून ठेवत. एक्स-रेच्या टेबलावर ठेवणं समजू शकतं. पण ते अधीक्षकांच्या टेबलावर ठेवत, उपाहारगृहातल्या टेबलावर ठेवत, आणि एकदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा पानं मांडायच्या आधी आमच्या जेवणाच्या टेबलावरही ठेवली. बुडबुडा जरा डावीकडे सरकला. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी एका पायाखाली सारली आणि मग वरणभात जेवले. माझ्या नवऱ्याला त्या दिवसापासून ते आवडायला लागले. मला थोडा रागच आला होता, कारण ते टेबल हलतं हे माझ्या यादीत दोन महिने होतं.

नवीन मशीन येण्याआधी त्याची सावली येते, असं ते म्हणत. याचा अर्थ मला पहिल्यांदा १९९४ साली कळला. नवीन एक्स-रे मशीन मागवायचं ठरलं होतं. कंपनीच्या कागदावर सर्वांत मोठ्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची लिहिलेली होती. अण्णांनी बांबू आणले, सुतळीने बांधून बरोबर त्या मापाची चौकट केली, आणि दोन वॉर्डबॉयना ती उचलायला लावून फाटकापासून एक्स-रे खोलीपर्यंत वरात काढली. पुढे अण्णा, मागे रिकामी चौकट. ओपीडीतले पेशंट उठून उभे राहिले. एका म्हातारीने हात जोडले. कुणीतरी विचारलं, आत देव कुठाय? अण्णा म्हणाले, पुढच्या महिन्यात येतोय.

औषधांच्या खिडकीपाशी वळणावर चौकट अडकली. चार बोटं. वॉर्डबॉय म्हणाले, बांबू वाकवू या. अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चौकट खालीच ठेवली.

"मशीन मोठं आहे करून भिंत मागे सरत नाही," ते म्हणाले. "आधी भिंत."

आधी भिंत फोडली, मग मशीन आलं. सरळ आत गेलं. नंतर शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात असंच मशीन पाच दिवस पटांगणात ताडपत्रीखाली पडून राहिल्याचं ऐकलं तेव्हा मी ती बातमी त्यांना उत्साहाने सांगितली. ते खूश झाले नाहीत. पाच दिवसांत तिथून किती माणसं परत गेली असतील, एवढंच त्यांनी विचारलं.

मशीन बसवून झाल्यावर कंपनीचा माणूस सही घ्यायला आला. टाय वगैरे लावलेला, मुंबईचा. अण्णा सही करेनात. त्यांनी त्याला पेशंटचा गाऊन दिला आणि टेबलावर झोपायला सांगितलं. तो हसला, मग त्याला कळलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तो झोपला. अण्णांनी त्याला कुशीवर वळवलं, पालथं केलं, श्वास धरायला लावला, आणि काय वाटतं ते विचारत एकेक लिहून घेतलं. टेबल थंड आहे. कड मांडीला लागते. चढायला उंच आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका पाच फुटांच्या आतल्या, त्यांना चढायला पायरी कुठाय, असं अण्णांनी विचारलं. पायरी आमच्या यादीत येत नाही, असं तो म्हणाला.

"मग ती यादी मशीनची झाली," अण्णा म्हणाले. "माणसाची आणा. मग सही."

तीन आठवड्यांनी पायरी आली. तेव्हा सही झाली.

हे सगळं सांगताना लोक हसतात. मीही हसते. पण त्यांच्या स्टोअरमध्ये हसण्यासारखं फार नव्हतं. फिल्मचे खोके तिथे पुस्तकांसारखे उभे असायचे, कधीच आडवे नाहीत, कारण वरच्या खोक्याच्या वजनाने खालच्या फिल्मवर डाग उमटतात. जुनी तारीख पुढे, नवी मागे. प्रत्येक खोक्यावर आल्याची तारीख, त्यांच्या कानडी वळणाच्या आकड्यांत. त्या खोलीची किल्ली कुणाकडे, याची वेगळी नोंदवही होती. सकाळी घेतली की सही, संध्याकाळी ठेवली की सही. किल्ली घेणारे आणि ठेवणारे ते स्वतःच असले तरी दोन सह्या व्हायच्या.

आणि टेबलाच्या खणात नाही-वही.

स्टोअरमध्ये काय आहे याची नोंद सगळेच ठेवतात. अण्णा काय नव्हतं याचीही ठेवत. लांबट, लाल कापडी पाठीची वही. एखादा पेशंट एक्स-रे न काढता परत गेला, कारण त्या मापाची फिल्म नव्हती, किंवा कॅसेट फुटली होती, किंवा मशीन बंद होतं, तर त्यात त्याचं नाव, वय, गाव, आणि शरीराचा कुठला भाग काढायचा राहिला ते. तो परत आला, काम झालं, की त्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ. सकाळी आल्यावर ते आधी ही वही उघडत, मग दुसरी. आपण सामान पुरवतो असं लोकांना वाटतं, ते म्हणत, पण सामान कुणाला हवंय? वहीची पहिली ओळ १९७१ सालची होती. ती कुणाची, हे मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. तिच्यावर रेघ होती, म्हणजे काम झालेलं होतं.

आता ती गोष्ट.

जून ९६ च्या शेवटी आमच्याकडे सोनोग्राफीचं नवीन मशीन यायचं होतं, आणि त्यासाठी फिल्मची खोली रिकामी करायची होती. त्याच आठवड्यात अण्णांच्या भाचीचं लग्न निघालं. पंचवीस वर्षांत त्यांनी सलग आठवडाभर रजा घेतली नव्हती. गुरुवारी जाताना त्यांनी स्टोअरची किल्ली माझ्या हातात दिली. नोंदवहीत सही करायला मी पेन काढलं, तर ते म्हणाले, राहू द्या, तुमच्याकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे. जाताजाता म्हणाले, फिल्म मी आल्यावर हलवू.

मला वाटलं, कशाला थांबायचं? ते येतील तेव्हा सगळं झालेलं असेल. मी यादी केली. नवीन जागा कशी हवी: थंड, कोरडी, अंधारी, कुलूप असलेली. एक्स-रे खोलीच्या मागे एक बंद पडलेली खोली होती. थंड, होय. कोरडी, होय. अंधारी, होय. कुलूप, होय. चार खुणा केल्या. शनिवारी दुपारी दोन वॉर्डबॉय घेऊन मी सगळे खोके तिथे हलवले. उभे ठेवले. जुनी तारीख पुढे ठेवली. काम झाल्यावर मी दारात उभी राहून मांडणी बघितली आणि मला समाधान वाटलं.

मंगळवारपासून फिल्म करड्या यायला लागल्या. छातीचा एक्स-रे काढावा आणि त्यात बरगड्यांच्या जागी धुकं दिसावं, तसं. फ्रान्सिसला वाटलं डेव्हलपर खराब झालाय. त्याने डेव्हलपर बदलला. मग त्याला डार्करूमच्या लाल दिव्याचा संशय आला. त्याने दिव्याला कागद गुंडाळला. डॉक्टरीणबाई चिडल्या. फ्रान्सिस पेशंटना पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवायला लागला. पुढच्या आठवड्यात या, हे वाक्य ऐकून माणूस कुठे जातो, याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

गुरुवारी अण्णा आले. लग्नातला लाडू पुडीत बांधून आणला होता, तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. काय झालं ते मी सांगितलं. ते नवीन खोलीत आले. खोके बघितले.

"उभे ठेवलेत. सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे कानडीत ठीक.

मग ते भिंतीकडे वळले. बोटाच्या पेराने तीन ठिकाणी वाजवून बघितलं. आणि मला विचारलं, शनिवारी तुम्ही इथे किती वेळ होता? पलीकडे फ्रान्सिसचं मशीन चालू होतं का? मी म्हटलं, नाही, दुपारी विभाग बंद होता. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी खांदे खाली सोडले.

त्या भिंतीच्या पलीकडे छातीचा एक्स-रे काढायचा स्टँड होता. पेशंट स्टँडला छाती टेकवून उभा राहतो आणि मशीन त्याच्या पाठीमागून भिंतीच्या दिशेने किरण सोडतं. बाकीच्या भिंतींना शिशाचा पत्रा होता. या एका भिंतीला नव्हता, कारण मागच्या खोलीत कुणी माणूस बसत नाही. तिथे आता दिवसाला चाळीस वेळा, माझ्या खोक्यांवर, किरण पडत होते. एक्स-रे फिल्म कुठे ठेवू नये, तर एक्स-रेच्या वाटेत. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. माझ्या यादीत थंड होतं, कोरडं होतं. भिंत नव्हती.

त्यांनी ओरडावं अशी मी वाट बघत होते. त्यांनी शेजारच्या हॉस्पिटलातून एक खोका उसना आणला. त्यातली एक फिल्म काळ्या पाकिटात बंद केली, पाकिटावर स्टोअरची किल्ली चिकटपट्टीने लावली, आणि ते त्या भिंतीवर टांगलं. फ्रान्सिसला पलीकडून, पेशंट उभा न करता, दहा वेळा बटण दाबायला लावलं. मग डार्करूममध्ये जाऊन स्वतः फिल्म धुतली.

सगळी फिल्म करडी होती. मधोमध किल्लीचा पांढरा आकार, दात न् दात मोजता येईल असा.

तीच फिल्म घेऊन ते सोमवारी अधीक्षकांच्या खोलीत उभे होते.

अधीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं की खोके तिथे ठेवले कुणी. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. फ्रान्सिसला माहीत होतं, पण तो खिडकीबाहेर बघत होता. माझ्या हातात पेन होतं. अण्णांनी फिल्म उजेडासमोर धरली.

"ही माझी किल्ली," ते म्हणाले. "माझ्या नावावर आहे. नोंदवहीत दुसरी सही नाही."

आणि मी ते लिहून घेतलं. शब्दशः. खाली लिहिलं: स्टोअरकीपरच्या दुर्लक्षामुळे फिल्मचा साठा निकामी झाला, त्यांना लेखी समज देण्यात यावी. वळणदार अक्षर आहे. आजही चांगलं वाचता येतं. मला कायम होऊन चारच महिने झाले होते, घरी बाळ होतं, पुण्याहून सासूबाई येऊन राहिल्या होत्या. कारणांची यादी मी पुष्कळदा केली आहे. तिच्यात नऊ कारणं आहेत. त्या खोलीत बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

दुपारी मी स्टोअरमध्ये गेले आणि म्हटलं की मी अधीक्षकांना जाऊन सांगते, इतिवृत्त दुरुस्त करते. अण्णा फिक्सरच्या कॅनवर तारखा घालत होते. त्यांनी हातातलं काम संपवलं. रागावलेले नव्हते, पण अक्का म्हणताना नेहमी जो गोडवा असायचा तो नव्हता.

"तिथे बोलला नाहीत. सरी, झालं ते. आता कागद दुरुस्त करून कुणाची छाती दिसणार आहे?" त्यांनी खण उघडला आणि नाही-वही माझ्यासमोर ठेवली. "इथे लिहा. तुमच्या हाताने."

त्या वहीत तोवर दुसऱ्या कुणाचंही अक्षर नव्हतं. फ्रान्सिसच्या रजिस्टरवरून मी नावं उतरवली. तीन दिवसांत तेवीस माणसं परत गेली होती.

आम्ही कार्डं टाकली. एकोणीस माणसं पंधरवड्यात परत आली. कार्ड न पोचलेल्या चौघांपैकी तिघांना अण्णांनी शोधून आणलं: मार्केटात शेवंतीच्या माळा विकणारी एक बाई, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्याचा एक वॉचमन, आणि एक निवृत्त शिक्षक, जे आपण बरे आहोत असं पटवत राहिले आणि नव्हते. प्रत्येक वेळी अण्णा पट्टी माझ्या हातात देत आणि रेघ मला मारायला लावत.

तेविसावी ओळ: मुनियम्मा, वय ३५, होसकोटे, वीटभट्टी. छाती. दोन महिने खोकला, संध्याकाळी ताप.

याचा अर्थ काय असू शकतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. टीबी असेल तर औषध आहे, सहा-आठ महिन्यांत माणूस बरा होतो. पण आधी कळलं पाहिजे. अण्णा पुढच्याच रविवारी बसने होसकोट्याला गेले. भट्ट्या बंद होत्या. पावसाळ्यात विटा वाळत नाहीत, म्हणून मजूर आपापल्या गावी जातात, आणि कोण कुठल्या गावी गेलं हे मुकादमालाही धड माहीत नसतं. दसऱ्यानंतर या, असं त्याने सांगितलं.

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी खाकी पाकिटात मुनियम्माची ती करडी फिल्म घेतली होती. धुक्यातूनही एक गोष्ट दिसत होती: तिचं उजवीकडचं, गळ्याखालचं हासळीचं हाड कधीतरी मोडलेलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. डॉक्टरीणबाईंनीच ते दाखवलं होतं. नाव दहा जणींचं असतं, असं हाड एकीचंच.

भट्टीवर बायका ओल्या विटांच्या ओळी लावत होत्या. अण्णांनी कानडीत विचारलं की इथे मुनियम्मा कोण. त्या हसायलाच लागल्या. एक वयस्क बाई म्हणाली, इथे दगड मारला तर तो कुठल्यातरी मुनियम्मालाच लागेल, तुला कितवी हवीय? अण्णांनी फिल्म काढून सूर्यासमोर धरली. बायका जमल्या. कुणी हात लावून बघितला, कुणी दोन पावलं मागे सरली. तीच वयस्क बाई बराच वेळ बघत राहिली.

"हिला कसं ओळखायचं अण्णा? हिला तोंडच नाही," ती म्हणाली.

अण्णांनी हाड दाखवलं. कधी पडली होती का कोणी, खांद्यावर मार बसलेली? ती म्हणाली, न पडलेली दाखव, ते सोपं जाईल.

त्या दिवशी आमच्याबरोबर बसमधून एक मुनियम्मा आली. ती खोकत होती, म्हणून अण्णा तिला घेऊनच निघाले. दुसऱ्या दिवशी फ्रान्सिसने तिचा एक्स-रे काढला, डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि मान हलवली. हासळी सरळ होती. ही ती नव्हती.

पुढच्या दोन हंगामांत अण्णांनी अशा सात जणी आणल्या. पाच मुनियम्मा, आणि दोघी नुसत्याच खोकणाऱ्या. स्टँडखाली तीच पायरी ठेवावी लागायची. होसकोट्याच्या बायका खरंच ठेंगण्या होत्या. सातांपैकी दोघींच्या फुप्फुसावर डाग निघाला. दोघींना औषध सुरू झालं, दोघी बऱ्या झाल्या. त्यातली एक संक्रांतीला एळ्ळू-बेल्ल घेऊन आली, तीळगुळच तो, आणि अण्णांनी पुडी उघडून आम्हा सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला.

त्या दिवशी फ्रान्सिस म्हणाला की अण्णा, आता ती ओळ खोडून टाका. एकीच्या जागी दोन वाचल्या की. माझ्याही मनात तेच होतं, पण मला ते म्हणायचा हक्क नव्हता.

अण्णांनी हातावरचे तीळ संपवले.

"त्या दोघी, त्या दोघी," ते म्हणाले. "ही, ही."

ते ९८ साली निवृत्त झाले. चार्ज घ्यायला मीच होते. यादीत चारशे बारा वस्तू होत्या. सकाळी दहाला सुरू करून आम्ही एकेक वस्तू बघत गेलो. ते नाव वाचत, मी हात लावून खूण करत होते. सगळ्या मिळाल्या. शेवटी त्यांनी किल्लीची नोंदवही पुढे केली आणि सही घेतली. मग खणातून नाही-वही आणि खाकी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, हे यादीत नाही. ते म्हणाले, म्हणूनच हातात देतोय. खिशातली पाणसळ त्यांनी टेबलावर ठेवली, बुडबुडा मध्ये आलेला बघितला, आणि परत खिशात टाकली. तेवढी ते बरोबर घेऊन गेले.

निरोपाच्या समारंभात अधीक्षक चांगलं बोलले. सत्तावीस वर्षांच्या सेवेत एकच समज, असं ते कौतुकाने म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. तेव्हाही उठले नाही. अण्णांनी गर्दीतून माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी, नाही अशी, हलवली. ती बोलू नका अशी होती की अजून सापडली नाही अशी, ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. शेवटपर्यंत रविवारचे जात होते, असं त्यांच्या बहिणीने सांगितलं. बसच्या तिकिटांच्या मागे भट्टीचं नाव आणि शेरा लिहिलेला असायचा. ती तिकिटं तिने मला दिली.

त्यांवरून मी यादी केली. होसकोट्याच्या भोवतालच्या भट्ट्या, बघितलेल्या आणि राहिलेल्या. बऱ्याच भट्ट्यांच्या जागी आता गोदामं आहेत. फिल्मही गेली, हॉस्पिटलात एक्स-रे संगणकावर दिसतो, आणि स्टोअरमध्ये खोके उभे ठेवायचे कसे हे नवीन मुलांना शिकवायची गरज उरलेली नाही. मी मात्र ते पाकीट कपाटात उभंच ठेवते. मुनियम्मा आज असेल तर साठीच्या पलीकडे असेल. नसेल, तर ती कधी गेली, हे तरी कुणाला माहीत असेल. त्या भागातल्या दवाखान्यांत मी हाडाचं वर्णन देऊन ठेवलं आहे. एका ठिकाणची नर्स म्हणाली, मॅडम, इतक्या वर्षांनी? मी म्हटलं, स्वल्प उशीर झाला.

इतिवृत्तातली चूक मी इथे दुरुस्त केली आहे. खोके मी हलवले. त्याने कुणाची छाती दिसत नाही, हे मला सांगितलं गेलेलं आहे.

आज माझ्या यादीत सात कामं आहेत. सहा संध्याकाळपर्यंत होतील. सातवं रविवारचं आहे: होसकोटे, तळ्यापलीकडच्या दोन भट्ट्या. मुनियम्मा. छाती.